विद्यापीठाच्या अंगणातील शाळा



कोल्हापूर शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. सारा जिल्हा त्याला 'सीपीआर' या नावानेच ओळखतो. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या रुग्णालयाशी जोडलेले आहे, आणि ते तसे असणे कोणालाही नवल वाटत नाही. रुग्णालय नसेल तर डॉक्टर घडणार कोठे? याच शहरात कृषी महाविद्यालय आहे. त्याच्याकडे स्वतःचे शेत आहे, कारण ऊस, भात आणि सोयाबीन फळ्यावर उगवत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कर्मशाळा लागते, नर्सिंगच्या विद्यार्थिनीला वॉर्ड लागतो. या यादीत एकच व्यवसाय असा आहे, ज्याच्या शिक्षणासाठी आपल्या समाजाला तशा जागेची आवश्यकता आजवर मनापासून पटलेली नाही. तो व्यवसाय म्हणजे शिक्षकाचा.

बी.एड. अथवा डी.एड. झालेले लोक येथे पुष्कळ असतील. सराव पाठ म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावयास नको. छात्राध्यापक रंगीत तक्ता गुंडाळून, पाठाचे टाचण हातात घेऊन परक्या शाळेत जातो. वर्ग उसना, मुले उसनी, वेळही उसनी. वर्गाचे मूळ शिक्षक त्या तासापुरते शिक्षककक्षात जाऊन बसतात. मागच्या बाकावर निरीक्षक प्राध्यापक वहीत शेरा लिहितात. मुले शहाणी असतात. हे 'सर' दोन आठवड्यांनी जाणार आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक असते, म्हणून ती तासभर सौजन्याने वागतात. पाठ उत्तम झाल्याचा शेरा मिळतो. त्या वर्गातील ज्या मुलाला भागाकार येत नव्हता, त्याला तो दुसऱ्या दिवशीही येत नाही. परंतु ते पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता सक्तीची झाली. कागदावर ही मोठी सुधारणा आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शाळेला फुकटचा बदली शिक्षक मिळाला, एवढाच तिचा अर्थ झाला.

ज्या शाळेत मुले खरी, वर्षभराची आणि बारावीपर्यंतची असतात, जेथे विद्यापीठाचे प्राध्यापक स्वतः फळ्यापाशी उभे राहतात, जेथे शिकविण्याची प्रत्येक नवी रीत आधी करून पाहिली जाते, फसली तर फसली असे लिहिले जाते, आणि जमली तर आसपासच्या शेकडो शाळांना मोकळ्या हाताने दिली जाते, अशा शाळेला जगात प्रयोगशाळा-शाळा म्हणतात. मराठीत हा शब्द थोडा अवघड वाटतो. 'प्रयोग' म्हटले की पालकाच्या मनात पिंजऱ्यातला उंदीर उभा राहतो. ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिचा विचार पुढे करावा लागेलच.

ही कल्पना परदेशातून आयात केलेली आहे, असा आक्षेप स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींकडून येऊ शकतो. इतिहास थोडा निराळा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील एग्मोर येथे लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाची व्यवस्था अँड्र्यू बेल नावाच्या धर्मोपदेशकाकडे होती. शिक्षक अपुरे होते. त्याने जवळच एक देशी शाळा पाहिली. मुले जमिनीवर वाळू पसरून तिच्यावर बोटाने अक्षरे गिरवीत होती. त्याने ती रीत आपल्या आश्रमात आणली, आणि मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवावे अशी घडी बसविली. मग त्याने या साऱ्याचा वृत्तांत लिहून १७९७ मध्ये लंडनला छापला, आणि त्याला 'शिक्षणातील एक प्रयोग' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांतून ती पद्धत 'मद्रास पद्धती' म्हणून पसरली. धर्मपाल यांनी १९८३ साली 'द ब्यूटिफुल ट्री' या ग्रंथात देशी शिक्षणाविषयीचे इंग्रजी अमदानीतील दप्तर उलगडून दाखविले, तेव्हा आपल्यातील कित्येकांना आपल्या गावोगावच्या पाठशाळांचा विस्तार प्रथमच कळला. यातली खरी बोचणारी गोष्ट निराळीच आहे. रीत येथली होती. निरीक्षण, लेखन आणि प्रसार मात्र परक्याने केला. आपल्या पंतोजींनी काय केले, कसे केले, कोणत्या मुलाला ते लागू पडले, हे आपल्याकडे कोणी लिहून ठेवले नाही. मेकॉलेच्या १८३५ मधील टिपणाला दोष देणे सोपे आहे आणि ते योग्यही आहे. पण स्वातंत्र्य मिळून पाऊणशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही लिहून ठेवण्याची सवय लागली नसेल, तर त्याचा दोष मेकॉलेकडे जात नाही.

जगात या कल्पनेला आजचे रूप दिले ते जॉन ड्यूई यांनी. १८९६ च्या जानेवारीत शिकागो विद्यापीठात त्यांनी सोळा मुले आणि दोन शिक्षक घेऊन शाळा उघडली. तत्त्वज्ञानाच्या विभागाने शाळा चालवावी, हीच त्या काळी चमत्कारिक गोष्ट होती. त्या शाळेतला एक प्रसंग ड्यूईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. मुलांच्या हाती कच्चा कापूस आणि लोकर देण्यात आली. अर्धा तास खपून मुलांनी सरकीपासून कापूस सोडविला, तो एक औंसही भरला नाही. लोकरीचे कापड आधी का रुळले आणि सुताचे का मागाहून, हे त्या मुलांना कोणी सांगावे लागले नाही. त्यांच्या दुखऱ्या बोटांनी ते सांगितले. इचलकरंजी येथून फार दूर नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात झोपी जाणारी आणि त्याच खडखडाटात जागी होणारी मुले तेथे आहेत. त्यांना वस्त्रोद्योगाचा धडा कसा शिकविला जातो, याची चौकशी ज्याची त्याने करावी.

ड्यूईंचे विद्यापीठाशी मतभेद झाले आणि १९०४ मध्ये ते शिकागो सोडून गेले. शाळा राहिली, नामांकित झाली, आणि कालांतराने जबर शुल्क घेणारी, मान्यवरांच्या मुलांची खाजगी शाळा होऊन बसली. हा धोका लक्षात ठेवण्याजोगा आहे. विद्यापीठाच्या आवारातील शाळा प्राध्यापकांच्या मुलांची सोय होऊन बसते, आणि मग तिच्यात जे यश मिळते त्याचा इतर शाळांना काडीचा उपयोग नसतो. सुशिक्षित आईबापांची निवडक मुले कोणत्याही पद्धतीने शिकतात. अमेरिकेतीलच फ्लॉरिडा राज्याने यावर उपाय शोधला. तेथे विद्यापीठांनी चालविलेल्या सार्वजनिक प्रयोगशाळा-शाळांसाठी वेगळा कायदा आहे. गेन्सव्हिल येथील फ्लॉरिडा विद्यापीठाची शाळा १९३४ पासून चालू आहे. शिक्षणशुल्क नाही, आणि राज्याच्या लोकसंख्येत गरीब-श्रीमंत, गोरे-काळे यांचे जे प्रमाण आहे तेच शाळेच्या पटावर असावे असा दंडक आहे. जपानची गोष्ट याहून जुनी. टोकियोच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेला जोडलेली प्राथमिक शाळा १८७३ मध्ये निघाली. आज ती त्सुकुबा विद्यापीठाकडे आहे. एक शिक्षक सर्वांसमोर पाठ घेतो, बाकीचे शिक्षक तो पाहतात, मग बसून त्याची चिकित्सा करतात. चिकित्सा शिक्षकाची होत नाही, पाठाची होते. या रीतीने जपानचे गणिताचे अध्यापन जगाच्या अभ्यासाचा विषय झाले. परचक्रात राख झालेले राष्ट्र उभे राहते, त्यामागे असली न दिसणारी कामे असतात.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी हे गाव. १९०७ साली या गावी जन्मलेला एक मुलगा पुढे जे. पी. नाईक म्हणून देशभर नावाजला गेला. सविनय कायदेभंगात तुरुंगवास, मग धारवाडकडील एका खेड्यात ग्रामसेवा, मग कोल्हापूर संस्थानची नोकरी, आणि शेवटी १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. स्वतंत्र भारताच्या शिक्षणाचा सर्वांत समग्र विचार त्या अहवालात आहे, आणि त्याच्या पानापानावर या करवीरकर माणसाच्या अभ्यासाचा ठसा आहे. युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणचिंतकांची चरित्रे प्रसिद्ध केली, त्यांत महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ यांच्याबरोबर नाईकांचा समावेश केला. कोल्हापुरात आज किती तरुण शिक्षकांना हे नाव ठाऊक आहे?

दिल्लीला जाण्यापूर्वी नाईकांनी व्ही. टी. पाटील यांच्यासमवेत भुदरगड तालुक्यात गारगोटीला एक संस्था उभी केली. तिचे नाव श्री मौनी विद्यापीठ. पाटगावच्या ज्या मौनी महाराजांचे दर्शन दक्षिण दिग्विजयाला निघण्यापूर्वी शिवछत्रपतींनी घेतले, त्यांचे हे नाव. ज्या गारगोटीच्या कचेरीवर १९४२ च्या लढ्यात क्रांतिकारकांनी चाल केली आणि हौतात्म्य पत्करले, तीच ही गारगोटी. कायद्याच्या अर्थाने हे विद्यापीठ नव्हते. परंतु त्याच्या आवारात शाळा होती, शिक्षक घडविणारे महाविद्यालय होते, ग्रामीण अभियांत्रिकी होती, पदवीचे शिक्षण होते. १९५६ मध्ये केंद्र सरकारने देशात ज्या मोजक्या ग्रामीण संस्था उच्च शिक्षणासाठी निवडल्या, त्यांत गारगोटी होती. चित्राताई नाईक यांनीही तेथे काम केले. शाहू कुमार भवन ही शाळा आणि आचार्य जावडेकरांच्या नावाचे शिक्षणशास्त्र महाविद्यालय एकाच संस्थेच्या छत्राखाली नांदत होते. डोंगरकपारीतील, पावसाळ्यात जगापासून तुटणाऱ्या तालुक्यात, शेतकऱ्याच्या मुलाला शिकविण्याची विद्या शेतकऱ्याच्या मुलासमोरच शिकायची, हा त्यामागचा हेतू होता. शिक्षणमहर्षींच्या आजच्या साम्राज्यांपुढे तो पसारा लहान दिसेल. विचार मात्र मोठा होता.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये जे सांगितले, त्यामागे हा अनुभव नव्हता असे कोण म्हणेल? प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षण संस्थेला प्रायोगिक अथवा पाठदर्शन शाळा जोडलेली असावी, ही त्या अहवालातील एक शिफारस. जवळपासच्या शाळांनी मिळून एक समूह करावा, ही दुसरी. ती पुढे केंद्रशाळेच्या रूपाने ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाची झाली. पहिली शिफारस ग्रंथालयात राहिली.

ती देशात कोठेच उतरली नाही असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली. त्या चारही ठिकाणी बहुउद्देशीय पाठदर्शन शाळा आहेत आणि त्या चालू आहेत. महाराष्ट्राचा समावेश भोपाळच्या कक्षेत होतो. भोपाळमधील वर्गात राधानगरीच्या धनगरवाड्यावरील मुलाच्या मराठीचा प्रश्न सुटावा, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्वतःची प्रायोगिक शाळा आहे. सयाजीरावांच्या संस्थानाने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणात हिंदुस्थानात पहिले पाऊल टाकले होते. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला शाळा परकी वाटली नाही, यात औचित्य आहे. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्यांच्या नगरीतील विद्यापीठाने हे औचित्य अजून साधावयाचे आहे.

पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. मानसशास्त्राचा अभ्यास आणि शाळा यांची सांगड तेथे घातली गेली. आपल्या परिवारातील अनेकांना त्या कामाचा सार्थ अभिमान आहे. तथापि प्रबोधिनीचा संकल्प बुद्धिमान मुलांमधून राष्ट्रासाठी नेतृत्व घडविण्याचा होता, आणि प्रवेश चाचणीने होत असे. तो संकल्प आपल्या जागी योग्यच आहे. जिल्हा परिषदेच्या वर्गात बसणाऱ्या सर्वसामान्य मुलाचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा होता.

तो प्रश्न कोल्हापुरात एका स्त्रीने हाती घेतला. लीलाताई पाटील या ना. सी. फडके यांच्या कन्या. अध्यापक महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिक्षक घडविल्यानंतर त्यांना जाणवले, की आपण जे शिकवितो ते वर्गात उतरते की नाही हे पाहण्याची जागाच आपल्यापाशी नाही. १९८५ मध्ये त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केले. लहानशी, मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे जाणारे प्रकल्प, मुलांचे स्वतःचे लेखन, शिक्षा आणि स्पर्धा यांना फाटा, पालकांशी सततचा संवाद. आणि त्या सर्व अनुभवांवर लीलाताईंची ग्रंथरचना. या पानांचे वाचक लीलाताईंच्या सगळ्याच मतांशी सहमत होतील असे नाही, न होवोत. परंतु जे काम एखाद्या विद्यापीठाने करावयाचे, ते निवृत्तीच्या उंबरठ्यावरील एका शिक्षिकेने देणग्या आणि स्नेह्यांच्या बळावर केले, हे मान्य करण्यास मतभेद आड येऊ नयेत. महाराष्ट्रभरातून शिक्षक ती शाळा पाहावयास येत. विद्यापीठ त्याच शहरात, सागरमाळावर, आठशेहून अधिक एकरांत पसरलेले आहे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. शिक्षणशास्त्राचा विभाग आहे, मानसशास्त्राचा आहे, मराठीचा आहे, पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र, संगीत-नाट्य सारे आहे. जागा आहे, माणसे आहेत. अडते कोठे?

अडते ते मानसिकतेत. आपल्याकडे शाळा ही खालची पायरी आणि विद्यापीठ ही वरची, अशी एक उतरंड पक्की बसली आहे. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक सहावीच्या वर्गात तास घेऊ लागला, तर त्याचे काही बिनसले असावे असे सहकाऱ्यांना वाटेल. त्याची पदोन्नती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते. सहावीतल्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला तेथे गुण नाहीत. दुसरे कारण याहून उघड आहे. गेल्या तीन दशकांत महाराष्ट्रात शिक्षक घडविणे हा व्यवसाय झाला. डी.एड. महाविद्यालयांची खिरापत वाटली गेली. त्यांपैकी २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. बहुतेक संस्था मान्यतेच्या निकषांत बसत नव्हत्या. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या त्या आयोगाच्या अहवालाने पुन्हा तीच गोष्ट सांगितली: शिक्षक घडविणाऱ्या संस्थेला प्रयोगशाळा म्हणून स्वतःची शाळा जोडलेली असावी. १९६६ चा अहवाल आजऱ्याच्या माणसाने लिहिण्यास हातभार लावलेला. २०१२ चा अहवाल महाराष्ट्राच्या पापातून जन्मलेला. दोन्हींचा निष्कर्ष एक. मधल्या सेहेचाळीस वर्षांत शिक्षकांच्या दोन पिढ्या उसन्या वर्गांवर शिकून बाहेर पडल्या.

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण याबाबतीत स्पष्ट आहे. चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-अभ्यासक्रम बहुशाखीय विद्यापीठांत चालावा आणि अशा प्रत्येक संस्थेचे शासकीय व खाजगी शाळांशी घट्ट जाळे असावे, असे ते सांगते. मातृभाषेतून शिक्षण आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांवर धोरणाचा भर आहे. त्याचे स्वागत आपण सर्वांनी केले. स्वागताचे हार सुकल्यावर काय, हा प्रश्न उरतो. भारतीय ज्ञानपरंपरा या विषयावर आज महाविद्यालयांतून परिसंवाद भरतात, पुस्तिका निघतात. लीलावतीतील कूटप्रश्नांतून पाचवीच्या मुलाला अपूर्णांक अधिक लवकर कळतात का? श्लोकपाठांतराने मुलाची वाचनगती वाढते, की केवळ पाठांतर वाढते? सूर्यनमस्कार घालणाऱ्या वर्गाचे अवधान तासभर टिकते का? या प्रश्नांची उत्तरे 'होय' अशीच असतील, असे श्रद्धेने म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. श्रद्धा चांगली; पण विरोधकाला आणि उद्याच्या शिक्षणमंत्र्याला दाखवावयास वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, आणि त्या नोंदी ठेवण्याची जागा आपण निर्माण केलेली नाही. एखादे उत्तर 'नाही' आले, तर तेही छापण्याची तयारी हवी. ती नसेल तर त्या शाळेला प्रयोगशाळा म्हणण्यात अर्थ नाही.

कोल्हापुरातील अशी शाळा काय करील? एकच उदाहरण पुरे. दिवाळीनंतर करवीर तालुक्यात गुऱ्हाळे पेटतात. उसाचा रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडाचा जाळ होतो, रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते ती काढली जाते, आणि गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून, बोटांनी गोळी करून ठरवितो की आधण उतरवायचे. तापमापकाशिवाय त्याचा अंदाज चुकत नाही. या एका काहिलीत बाष्पीभवन आहे, घनता आहे, आम्ल-अल्कधर्मी आहे, नफा-तोटा आहे, बाजार समितीतील सौदा आहे, २०१४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आहे. काहिल, आधण, वाफा, रवा, काकवी हे शब्द सातवीतल्या मुलाच्या जिभेवर आहेत. पाठ्यपुस्तकात मात्र तो 'द्रावणाचे संहतीकरण' असा धडा वाचतो आणि त्याला वाटते की विज्ञान हे कोठे तरी दुसरीकडे घडते. गुळव्याला वर्गात आणून, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला त्याच्या शेजारी बसवून, महिनाभर हा विषय घेतला तर मुले किती शिकतात? नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या वर्गापेक्षा अधिक की कमी? सहा महिन्यांनी किती लक्षात राहते? हे मोजता येते. मोजून शिरोळ, कागल, पन्हाळ्याच्या शाळांना सांगता येते.

आणि त्याच ऊसपट्ट्यात दुसरे एक मूल आहे. बीडहून, मराठवाड्याच्या इतर भागांतून कोयता घेऊन आलेल्या जोडप्याबरोबर ते येते, फडाशेजारच्या खोपीत राहते, धाकट्या भावंडाला सांभाळते. हंगाम सुरू झाला की त्याची गावाकडची शाळा सुटते. हंगाम संपून परत जाते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, बऱ्याच कागदावर राहिल्या. चार-पाच महिन्यांत या मुलाला काय, कोणत्या क्रमाने शिकवावे म्हणजे ते परतल्यावर मागे पडणार नाही, यासाठी सरावलेली, पारखलेली पद्धत लागते. परिपत्रक काढून ती मिळत नाही. हे मूलही हिंदू समाजाचेच मूल आहे, याची आठवण समरसतेच्या व्यासपीठांवरून पुन्हा पुन्हा दिली जाते. विद्यापीठाच्या शाळेच्या पटावर हंगामापुरता त्याच्यासाठी एक बाक राखून ठेवला, तर त्या आठवणीला वजन येईल.

पालकांच्या भीतीविषयी. 'आमच्या मुलांवर प्रयोग नकोत' असे म्हणणारा बाप चुकत नाही. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. पहिली, प्रयोग आजही चालूच आहेत. अभ्यासक्रम बदलतो, परीक्षा रद्द होते आणि पुन्हा सुरू होते, पहिलीपासून इंग्रजी येते, सेमी-इंग्रजीची लाट येते. हे सारे लाखो मुलांवर एकदम, कोणतीही पूर्वचाचणी न घेता होते, आणि परिणामाची नोंद कोणी ठेवीत नाही. तीस मुलांच्या वर्गात, पालकांना विश्वासात घेऊन, चुकले तर आठवड्यात मागे फिरता येईल अशा बेताने केलेली गोष्ट त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. दुसरी गोष्ट वचनाची आहे. कोणता बदल का करतो, हे आधी पालकसभेत सांगितले जाईल, संमतीवाचून मुलाची नोंद अभ्यासासाठी वापरली जाणार नाही, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत मूल कोठेही उणे पडणार नाही. हे वचन देता येत नसेल, तर शाळा काढू नये.

प्रवेशाचे सूत्र सोपे आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केलीच आहे. राजारामपुरीतील डॉक्टरचे मूल, राजेंद्रनगरातील मजुराचे, सरनोबतवाडीतील शेतकऱ्याचे आणि विद्यापीठातील शिपायाचे, सर्वांच्या चिठ्ठ्या एकाच भांड्यात. कुलगुरूंच्या नातवाचीही त्याच भांड्यात. शुल्क नाही. माध्यम मराठी, इंग्रजी आणि संस्कृत उत्तम. शाळेचे दार दर शनिवारी जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शिक्षकांना उघडे. एकाने पाठ घ्यावा, वीस जणांनी पाहावा, आणि मग चहा घेत त्याची चिरफाड करावी. शाळेच्या नोंदवह्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, कोणालाही वाचता येतील अशा. संस्थाचालक, कार्यकर्ते, निवृत्त शिक्षक यांनी शाळेच्या कारभारात हात घालण्यापेक्षा शनिवारी मागच्या बाकावर बसावयास जावे. तेथे बसण्याने बरेच गैरसमज दूर होतात.

खर्चाची बाब उरते. एका वर्षी एकच वर्ग, तीस मुले, जून महिन्यात पहिलीपासून आरंभ. इमारत नवी नको. आठशे एकरांत चार खोल्या निघतील. दरवर्षी एक इयत्ता वाढत जाईल, आणि पहिली तुकडी बारावीला पोहोचावयास बारा वर्षे लागतील. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे एक तुकडी बाहेर पडेपर्यंत तीन कुलगुरू होतील, आणि मंत्री किती बदलतील याचा हिशेब करू नये हे उत्तम. म्हणून पहिल्या वर्गाची घंटा वाजण्यापूर्वी अधिसभेत ठराव करून, पुढील बारा वर्षांच्या शिक्षकांच्या पगारापुरता निधी ज्याला कोणालाही हात लावता येणार नाही अशा खात्यात स्वतंत्र ठेवला पाहिजे. शाळेसाठी कुलगुरूंकडे जाणाऱ्या शिष्टमंडळाने पहिली मागणी या खात्याची करावी. खोल्यांचे नंतर पाहता येईल.